एकच स्तोत्र, पण अर्थासकट: निवडीपासून रोजच्या पठणापर्यंत

रामरक्षा तोंडपाठ असलेली माणसं पुष्कळ भेटतात. त्यांना मध्येच थांबवून ‘सक्थिनी हनुमत्प्रभुः’ म्हणजे काय हो, असं विचारलं तर बहुतेक जण हसून विषय बदलतात. लहानपणी दिवेलागणीला कानावर पडलेलं स्तोत्र जिभेवर बसतं आणि अर्थ विचारायचा राहून जातो. मोठेपणी नव्याने काही म्हणायला घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते एकदम सात-आठ स्तोत्रांची चळत समोर ठेवतात, पंधरवडाभर पोथ्या उलटतात आणि मग सगळंच सुटतं. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे: एक स्तोत्र घ्या, त्याचा शब्दन्‌शब्द समजून घ्या, नीट उच्चारात पाठ करा आणि रोज म्हणा. स्तोत्रांचे जे लाभ सांगितले जातात ते याच वाटेने पदरात पडतात. ही वाट कशी चालायची ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: हातात काय आहे ते ओळखा

‘श्लोक-स्तोत्रं’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाची शिस्त निराळी आहे.

पुरुषसूक्त (ऋग्वेद, मंडल १०, सूक्त ९०) किंवा रुद्रातले नमक-चमक (कृष्ण यजुर्वेदाची तैत्तिरीय संहिता) हे वेदमंत्र. त्यांना उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर, म्हणजे आवाजाचे ठरलेले चढउतार, असतात. छापील पोथीत अक्षरांखाली आडव्या आणि डोक्यावर उभ्या रेघा दिसतात, त्या याच स्वरांच्या खुणा. हे जाणकारासमोर बसून, त्याच्या मागोमाग म्हणत शिकायचं काम आहे. पुस्तकावरून सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

पुराणांतली, महाभारतातली आणि पुढे आचार्यांनी रचलेली स्तोत्रं मात्र सगळ्यांना मोकळी आहेत. विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात येतं. शरशय्येवरच्या भीष्मांनी ते युधिष्ठिराला सांगितलं आहे. संकटनाशन गणेशस्तोत्र नारदपुराणातलं. यांना वेदांचे स्वर लागत नाहीत. उच्चार शुद्ध असावा आणि छंद सांभाळावा, एवढं पुरे. गणपती अथर्वशीर्ष या दोहोंच्या मधलं आहे. ते उपनिषद आहे, बरंचसं गद्यात आहे आणि स्वरांसह म्हणण्याची परंपरा त्याला आहे, पण घरोघरी ते साध्या आवाजातही म्हटलं जातं.

मग आपली मराठी रचना: समर्थांचं भीमरूपी, करुणाष्टकं, मनाचे श्लोक, ज्ञानदेवांचा हरिपाठ, पसायदान आणि आरत्या. मराठीत आहे म्हणून अर्थ आपोआप कळतो, या भ्रमात राहू नका. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ आणि ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ झालेलं दर गणेशोत्सवात ऐकू येतंच. आरती संपल्यावर आपण मंत्रपुष्पांजली म्हणतो, तिचं तर आणखीच मजेशीर आहे. ‘राजाधिराजाय प्रसह्यसाहिने’ हे वंदन कुबेराला आहे, आणि ‘स्वस्ति साम्राज्यं भौज्यं’ हा भाग ऐतरेय ब्राह्मणातल्या राज्याभिषेकाच्या प्रकरणातला. समुद्रापर्यंतच्या पृथ्वीवर एकछत्री राज्य असावं, अशी कामना आपण हातात फुलं घेऊन एका सुरात करत असतो आणि डोळा प्रसादाच्या ताटाकडे असतो.

दुसरा टप्पा: निवड

निवडताना रोजचा खरा वेळ किती, हे आधी स्वतःला विचारा. संकटनाशन गणेशस्तोत्राला दोन मिनिटं लागतात, भीमरूपीला तीन-चार, अथर्वशीर्षाला पाच-सहा, रामरक्षेला आठ-दहा, विष्णुसहस्रनामाला सुमारे अर्धा तास. घाईच्या सकाळीही निभेल असंच घ्या. सहस्रनामाचा संकल्प करून आठवड्यातून दोनदा अर्धवट म्हणण्यापेक्षा दोन मिनिटांचं गणेशस्तोत्र रोज म्हटलेलं केव्हाही चांगलं.

दुसरा प्रश्न ओढीचा. ज्या देवतेचं रूप डोळ्यांपुढे सहज उभं राहतं तिचं स्तोत्र घ्या. मन खचलेलं असेल तर ‘अनुदिनि अनुतापे तापलो रामराया’ ही करुणाष्टकांतली हाक लागलीच आपली वाटते. अंगात बळ हवं असेल तर भीमरूपी. केवळ चाल आवडली म्हणून शिवतांडव घेऊ नका. त्यात लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चारांची अक्षरं) एकाआड एक येतात, समास लांबलचक आहेत आणि वेग जबरदस्त. नवख्याची जीभ तिसऱ्या श्लोकात अडखळते.

पहिल्यांदाच सुरुवात असेल तर मी संकटनाशन सुचवेन. श्लोक आठच, आणि त्यातली गणपतीची बारा नावं ‘प्रथमं वक्रतुंडं च, एकदंतं द्वितीयकम्’ अशी चक्क क्रमांक लावून आलेली आहेत, त्यामुळे विसरायला फारशी जागाच उरत नाही. संस्कृतची धास्ती असेल तर भीमरूपी घ्या. पुढचं विवेचन मात्र मी मुख्यतः रामरक्षेवर करतो, कारण ती बहुतेकांच्या कानावर असते आणि तिच्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे.

तिसरा टप्पा: स्तोत्राची ठेवण बघा

मोठ्या स्तोत्राला ठरावीक अंगं असतात. रामरक्षेच्या आरंभी ‘अस्य श्रीरामरक्षास्तोत्रमन्त्रस्य बुधकौशिक ऋषिः’ असं जे घडाघडा म्हटलं जातं, तो विनियोग. त्यात द्रष्टा कोण (बुधकौशिक), देवता कोण (सीतारामचंद्र), छंद कोणता (अनुष्टुप), शक्ती कोण (सीता), कीलक, म्हणजे मंत्राची खीळ, कोण (हनुमान) आणि हे कशासाठी म्हणायचं (सीतारामचंद्राच्या प्रीतीसाठी) हे सांगितलेलं असतं. पुढे ध्यान येतं, म्हणजे ज्याची स्तुती करायची त्याचं चित्र. ‘ध्यायेदाजानुबाहुं’ म्हणताना गुडघ्यांपर्यंत पोचणारे हात, धनुष्यबाण, पिवळं वस्त्र आणि डावीकडे मांडीवर बसलेली सीता एवढं दिसायला हवं. हा श्लोक धावत म्हटला तर पुढचं सगळं नुसतं शब्दांचं पठण होतं. त्यानंतर मूळ स्तोत्र आणि शेवटी किंवा मध्येच फलश्रुती, म्हणजे पठणाचं फळ सांगणारा भाग. पोथीवर पेन्सिलीने हे भाग पाडून घ्या. पाठांतरालाही त्याचा फार उपयोग होतो.

चौथा टप्पा: अर्थ, शब्दन्‌शब्द

भावार्थ वाचून भागत नाही. ‘हे रामा, माझं रक्षण कर’ हा रामरक्षेचा भावार्थ झाला, तो न वाचताही माहीत असतो. काम करायचं ते असं: श्लोक वहीत उतरवा, संधी सोडवून शब्द सुटे करा, प्रत्येकाखाली अर्थ लिहा आणि मग मराठी वाक्य जुळवा. दिवसाला एक श्लोक पुरे.

रामरक्षेतला कवचाचा, म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण मागण्याचा, भाग घेऊ. ‘शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः’: माझ्या मस्तकाचं राघव रक्षण करो, कपाळाचं दशरथाचा पुत्र करो. ‘पातु’ म्हणजे रक्षण करो. हे क्रियापद एकदा कळलं की अर्धं कवच उलगडलं. पुढे डोळ्यांना कौसल्येचा मुलगा आणि कानांना विश्वामित्राचा लाडका. नाकाला यज्ञाचा रक्षणकर्ता, तोंडाला लक्ष्मणावर माया करणारा, दंडांना शिवधनुष्य मोडणारा. हातांना सीतेचा पती, ज्याने तिचं पाणिग्रहण केलं तो. हृदयाला परशुरामाला जिंकणारा, शरीराच्या मध्यभागाला खराचा वध करणारा, कमरेला सुग्रीवाचा स्वामी. गुडघ्यांना सेतू बांधणारा, ‘जङ्घे’ना दशमुखाचा अंत करणारा आणि पावलांना बिभीषणाला राज्य देणारा.

आता वरून खाली पुन्हा वाचा. डोक्यापासून पायांपर्यंत उतरता उतरता, एखाददुसरा अपवाद सोडला तर, रामायणाची कथाही जन्मापासून लंकेच्या विजयापर्यंत सरकत गेली आहे. कवच म्हणणारा माणूस आपल्या एकेका अवयवावर लक्ष नेतो आणि त्याच वेळी अख्खं रामायण मनात फिरवतो. हे एकदा ध्यानात आलं की नंतर कितीही वेळा म्हटलं तरी तो भाग यांत्रिक होत नाही. अर्थ का समजून घ्यायचा, याला माझ्यापाशी यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

इथे मराठी वाचकाला हमखास चकवणारी एक जागा आहे. संस्कृतातली जङ्घा म्हणजे गुडघ्याखालचा पाय. तिला आपली जांघ समजू नका. गुडघे झाले, मग जङ्घा, मग पावलं, या क्रमावरूनही ते ताडता येतं. सुरुवातीला विचारलेली सक्थिनी म्हणजे मांड्यांचा वरचा भाग. तो हनुमंताच्या प्रभूने राखायचा आहे.

शेवटाकडचा ‘रामो राजमणिः सदा विजयते’ हा श्लोकही असाच सोडवून बघा. त्यात राम या शब्दाच्या आठही विभक्ती ओळीने येतात: रामः, रामम्, रामेण, रामाय, रामात्, रामस्य, रामे आणि भो राम. राजांमधला रत्न असा राम सदा विजयी होतो; रामाला मी भजतो; रामाने राक्षसांची सेना मारली; त्या रामाला नमस्कार; रामाहून मोठा आसरा नाही; रामाचा मी दास आहे; रामामध्ये माझं चित्त लीन होवो; हे रामा, माझा उद्धार कर. पुष्कळ जण ‘रामान्नास्ति’ ऐवजी ‘रामा नास्ति’ म्हणतात आणि पंचमी गायब होते. ‘रामात् न अस्ति’ असं सोडवून वहीत लिहिलेलं असलं की ही चूक होतच नाही.

पाचवा टप्पा: उच्चार

उच्चारावरून घाबरवणारे बरेच भेटतील. एक अक्षर चुकलं तर अनर्थ ओढवतो, ही भीती स्तोत्रांच्या बाबतीत बाळगू नये. परंपरेनेच ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्’ असा क्षमेचा श्लोक शेवटी म्हणायला दिलेला आहे: अक्षर गळलं, मात्रा कमी पडली, तर देवा ते क्षमा कर. पण क्षमा मागायची सोय आहे म्हणून बेफिकीर राहायचं, असंही नाही. मराठी जिभेच्या चुका ठरलेल्या असतात, तेवढ्या सुधारल्या तरी पाठ उजळतो.

सर्वांत मोठी चूक शेवटचा ‘अ’ गिळण्याची. मराठीत आपण ‘राम्’ म्हणतो. ‘श्रीराम राम रघुनन्दन राम राम’ या वसंततिलका वृत्तातल्या चरणात चौदा अक्षरं आहेत. मराठी सवयीने ‘श्रीराम् राम् रघुनंदन् राम् राम्’ म्हटलं की ती नऊच उरतात आणि चाल लंगडते. इथे प्रत्येक ‘म’ आणि ‘न’ पूर्ण उच्चारायचा. त्याचा ‘रामा’ही होऊ द्यायचा नाही, बेताचा ऱ्हस्व अ पुरे. मराठी स्तोत्रांत मात्र मराठीची रीत चालते.

विसर्गाचा उच्चार चरणाच्या शेवटी आधीच्या स्वराला धरून होतो: रामः म्हणजे ‘रामह’, हरिः म्हणजे ‘हरिहि’, गुरुः म्हणजे ‘गुरुहु’. मध्ये आला तर ठोसर ‘ह’ नको. ‘राघवः पातु’मध्ये हलका श्वास सोडून पुढे जायचं. पुढे श किंवा स आला तर विसर्ग त्यातच मिसळतो, म्हणून ‘नमः शिवाय’ हे ‘नमश्शिवाय’ असंही म्हणता येतं.

अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो; शेवटी आला तर स्पष्ट ‘म्’. च, ज, झ हे मराठीत दोन तऱ्हांनी उच्चारले जातात; संस्कृतात फक्त ‘चंद्र’मधला च, ‘चमचा’तला कधीच नाही. ऱ्हस्व-दीर्घ पोथीत छापलं आहे तसंच. ऽ या अवग्रहाचा उच्चार नसतो, ‘रामोऽखिलं’ हे ‘रामोखिलं’ असंच म्हणायचं. ज्ञ किंवा ऋ यांच्या उच्चारांवरून प्रांताप्रांतांत फरक आहेत. त्यांवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही, घरी ऐकला तो उच्चार ठेवा.

ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल तर वाद्यांचा गजर नसलेलं, सावकाश म्हटलेलं निवडा, आणि पोथीवर बोट ठेवून ऐका. गायकाने घेतलेल्या ताना आणि द्विरुक्ती या त्याच्या गाण्यासाठी असतात, आपल्या पाठात त्या आणू नयेत.

सहावा टप्पा: छंद आणि श्वास

बहुसंख्य स्तोत्रं अनुष्टुप छंदात आहेत. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, एकूण बत्तीस. साधारण नियम असा की प्रत्येक चरणाचं पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू आणि दुसऱ्या-चौथ्या चरणाचं सातवं पुन्हा लघु. ‘शि-रो-मे-रा-घ-वः-पा-तु’ मोजून बघा: पाचवा ‘घ’ लघु, सहावा ‘वः’ गुरू. भीमरूपीची चालही हीच, म्हणून एक जमलं की दुसरं सहज जमतं. रामरक्षेत शेवटच्या दहा-बारा श्लोकांत मात्र वृत्तं भराभर बदलतात: वसंततिलका, शालिनी, इंद्रवज्रा, शार्दूलविक्रीडित. बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. सगळं एकाच अनुष्टुपाच्या चालीत कोंबायचा प्रयत्न करू नका, त्या श्लोकांची चाल वेगळी शिकून घ्या.

श्वासाचा हिशोब सोपा आहे. अनुष्टुपाची एक ओळ, म्हणजे सोळा अक्षरं, एका श्वासात. ओळ संपली की नाकाने शांतपणे श्वास घ्यायचा आणि दुसरी ओळ. शब्दाच्या मध्ये श्वास तोडायचा नाही. सावकाश म्हटलं तर सोळा अक्षरांना सहा-सात सेकंद लागतात, श्वास घ्यायला तीन-एक. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचे बारा ते वीस होतात.

हा सहाचा आकडा महत्त्वाचा आहे. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण धर्म आणि भाषा वेगळ्या असूनही लय सारखीच निघाली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आणि त्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते: तीन मिनिटांत रामरक्षा उरकणाऱ्याला हा लाभ मिळायचा नाही.

सातवा टप्पा: पाठांतर

अर्थ झाला, उच्चार झाला, मगच पाठांतर. उलट क्रमाने गेलात तर चुका पाठ होतात आणि पाठ झालेली चूक काढणं महाकठीण.

वेदपाठी लोकांची एक युक्ती उसनी घ्या. त्यांच्या क्रमपाठात पहिलं पद दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी जोडून म्हणतात. आपण हेच चरणांवर करायचं: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, मग अख्खा श्लोक. मग या श्लोकाचा शेवटचा चरण आणि पुढच्याचा पहिला. माणूस श्लोकाच्या पोटात क्वचित विसरतो, विसरतो तो सांध्यावर. ‘लोकाभिरामं’ नंतर ‘मनोजवं’, की ‘कूजन्तं’, की ‘आपदामपहर्तारं’? हे सांधेच वेगळे घोकावे लागतात.

रोज दोनापेक्षा जास्त श्लोक घेऊ नका. आदल्या दिवशीचे पोथी न बघता म्हणून मगच नवे. रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा, इतकंच. हाताने लिहून काढण्याचाही फार उपयोग होतो. संकटनाशन स्तोत्राच्या फलश्रुतीत तर आठ जणांना ते लिहून द्यावं असंच सांगितलं आहे. आठ वेळा लिहिल्यावर कोणाला पाठ होणार नाही?

पाठ झालं की पोथी मिटून ठेवा, पण महिन्यातून एकदा उघडून ताडून बघा. तोंडपाठ गोष्टी नकळत घसरत जातात.

आठवा टप्पा: रोजचा नेम

ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा, या दोन गोष्टी इतर सगळ्या उपचारांपेक्षा मोलाच्या आहेत. सकाळी आंघोळीनंतर किंवा दिवेलागणीला हे आपल्याकडचे रुळलेले काळ. सोवळं, आसन, दिशा, ज्याने त्याने आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे पाळावं. त्याच्यावाचून पठण अडत नाही. बसताना पाठ सरळ असावी, एवढं मात्र बघा, कारण वाकून बसल्यावर सोळा अक्षरांना श्वास पुरत नाही. बायकांनी हे म्हणू नये, ते म्हणू नये, असं सांगणारे अजून भेटतात. स्तोत्रपाठाच्या बाबतीत मी तरी ते मनावर घेत नाही.

सुरुवातीला मोठ्याने म्हणा, स्वतःला स्पष्ट ऐकू येईल इतकं. जपाचे वाचिक (मोठ्याने), उपांशु (ओठांतल्या ओठांत) आणि मानस (मनातल्या मनात) असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि मानस श्रेष्ठ मानला आहे, पण नवख्याने एकदम मानसावर उडी घेतली तर तिसऱ्या ओळीला मन बाजारात पोचलेलं असतं. आवाज मनाला धरून ठेवतो. दिवसभराच्या धबडग्यात, प्रवासात, इस्पितळाच्या बाकावर मनातल्या मनात म्हणणं जमतं ते आधी पुष्कळ दिवस मोठ्याने म्हटलेलं असतं म्हणून.

मन भटकणारच. भटकलं असं कळलं की त्या ओळीपासून पुढे अर्थावर या. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, नाहीतर स्तोत्र कधी संपायचंच नाही. रोज एखादाच श्लोक निवडून त्याच्या अर्थाकडे विशेष लक्ष ठेवायचं ठरवलं तर हे सोपं जातं.

आवर्तनं करायची झाली तर एक रीत सांभाळा: अथर्वशीर्षाची अकरा किंवा एकवीस आवर्तनं करताना फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला म्हणतात. संख्येच्या मागे लागून वेग वाढायला लागला तर संख्या कमी करा.

फलश्रुतीचं काय करायचं?

इथे लोक दोन टोकं गाठतात. कुणी फलश्रुतीच तेवढी खरी धरून बसतो, कुणी तिच्यामुळे अख्खं स्तोत्र थोतांड ठरवतो. संकटनाशनात ‘विद्यार्थी लभते विद्यां धनार्थी लभते धनम्’ (विद्या हवी त्याला विद्या, धन हवं त्याला धन मिळतं) म्हटलं म्हणून अभ्यासाची वही उघडावी लागत नाही, असं नारदांनाही म्हणायचं नसावं. त्याच फलश्रुतीत पुढे काय आहे ते बघा: सहा महिन्यांनी फळ, वर्षाने सिद्धी. म्हणजे नेमाची अट आहे. भीमरूपीत ‘नासती तूटती चिंता’ असं आश्वासन आहे आणि लगेच हे स्तोत्र पंधरा श्लोकांचं आहे हेही सांगितलं आहे. पुढे कुणी श्लोक घुसडू वा गाळू नये, म्हणून ती सोय झाली.

माझं मत असं, की फलश्रुती ही म्हणणाऱ्याला बसतं करण्यासाठी आहे. देवाशी केलेला करार म्हणून ती वाचली की चाळिसाव्या दिवशी हिशोब मागितला जातो आणि श्रद्धाही जाते, नेमही जातो. आजारपणात स्तोत्र जरूर म्हणा, मनाला फार आधार मिळतो. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. अमुक स्तोत्र अमुक वेळा म्हटलं की अमुक रोग जातो, अशी यादी कुणी पैसे घेऊन देत असेल तर तिथून उठावं.

मग लाभ कोणते? श्वास संथ होतो, हे वर आलंच. स्मरणाला रोजचा व्यायाम होतो. दिवसातली काही मिनिटं तरी तोंडातून तक्रार, निंदा, घाईचं बोलणं सोडून दुसरं काही बाहेर पडतं. लहान मुलांची जीभ जोडाक्षरांवर वळते, शब्दसंपत्ती वाढते. घरातली दोन-तीन माणसं एका वेळी एका सुरात म्हणत असतील तर तो दिवसातला एकत्र बसण्याचा एक धागा होतो. आणि सश्रद्ध माणसासाठी हे सगळे वरकरणी फायदे आहेत; तो म्हणतो ते देवाची आठवण म्हणून. तो लाभ मोजायला कुठलंही यंत्र नाही आणि त्याची गरजही त्याला वाटत नाही.

शेवटी प्रार्थना, आपल्या शब्दांत

स्तोत्र संपल्यावर लगेच उठू नका. क्षमेचा श्लोक म्हणा आणि मग अर्धा मिनिट आपल्या साध्या भाषेत जे मागायचं ते मागा. काय मागावं हे सुचत नसेल तर पसायदान पुन्हा एकदा नीट वाचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी ते मागितलं. नऊ ओव्यांच्या त्या मागण्यात स्वतःच्या सोयीचं काही नाही. दुष्टांचा नाश होवो असंही ते म्हणत नाहीत. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, असं म्हणतात. ज्याच्याशी आपलं पटत नाही अशा एखाद्या माणसाचं नाव मनात धरून ही ओवी म्हणून बघा. सोपं जात नाही.

नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणून भरपाई करायची गरज नाही. फक्त पुन्हा बसायचं. प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात पूर्ण स्तोत्र झेपत नसेल तर ध्यानाचा एक श्लोक आणि शेवटचा एक, एवढं ठेवा. रामरक्षा म्हणणाऱ्याला तर ‘राम रामेति रामेति’ हा शेवटचा श्लोक पुरतो. रामाचं एक नाव सहस्रनामाच्या बरोबरीचं आहे, असं त्यात शिवच पार्वतीला सांगतात. दुसरं स्तोत्र घ्यायचं ते पहिलं पोथीशिवाय, अर्थ मनात ठेवून आणि न अडखळता म्हणता यायला लागल्यावरच. अनुष्टुप पक्का झालेला असेल, तर हे दुसरं निम्म्या वेळात होतं.